वाघोडिया, मांद्रे आणि भाऊंचा मार्च

आपल्या देशात राज्यपालाची निवडणूक होत नाही, तेव्हा राज्यपालाने पुन्हा निवडून येण्यासाठी दारोदार फिरण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत मात्र गव्हर्नर दर काही वर्षांनी लोकांसमोर झोळी घेऊन उभा राहतो. गंमत म्हणजे आपल्या घटना समितीनेही १९४७ साली राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा असेच ठरवले होते. पुढे दोन वर्षे विचार झाला. एकाच राज्यात लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री असे दोघे आले की रोजची भांडणे ठरलेली, हे सर्वांना पटले आणि १९४९ च्या मे महिन्यात नेमणुकीचा मार्ग पत्करला गेला. आम्हां गोंयकारांना त्यात नवे काही वाटायचे कारण नव्हते. साडेचारशे वर्षे आमचा गव्हर्नर लिस्बनहूनच नेमून येत होता. त्याला मत द्यायचे असते ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात आली नसेल.

म्हणजे 'राज्याचा प्रमुख पुन्हा कौल मागतो' हा प्रसंग आपल्याकडे पाहायचा तर मुख्यमंत्र्याकडे पाहावे लागते, किंवा थोडे खाली उतरून आपापल्या मतदारसंघात राजासारखा वावरणाऱ्या आमदाराकडे. या विषयाकडे मी वळलो तो मात्र गोव्यात नव्हे, गुजरातेत, वाघोडियात.

वाघोडिया हे बडोद्याच्या पूर्वेला, वीसेक किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. एके काळी गायकवाडांच्या राज्यातले. आता तिथे जीआयडीसीचे कारखाने आहेत, जवळच लिमड्याला मोठे विद्यापीठ आहे आणि रस्त्यावर देशभरच्या पोरांची गर्दी आहे. माझा भाचा तिथल्या एका कारखान्यात नोकरीला. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे चार दिवस राहिलो. लोकसभेचा प्रचार चालू होताच, पण वाघोडियात त्याच्याबरोबर विधानसभेची पोटनिवडणूकही होती. भाचा म्हणाला, "मामा, इथे दीड वर्षापूर्वी ज्याला निवडून दिला, तोच आता दुसऱ्या चिन्हावर मतं मागतोय. तुमच्या गोव्यात असं होतं का?"

मी हसलो. गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे मासळी बाजारात जाऊन 'इथे वास कसला येतो' असे विचारण्यासारखे आहे! पण वाघोडियाची हकीकत ऐकण्यासारखी आहे, म्हणून आधी ती सांगतो.

मधु श्रीवास्तव हे तिथले आमदार. १९९५ साली ते पहिल्यांदा निवडून आले ते अपक्ष म्हणून. पुढे भारतीय जनता पक्षात गेले आणि १९९८, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा ओळीने निवडणुका जिंकत गेले. एकूण सहा वेळा. सत्तावीस वर्षे एकच आमदार म्हटल्यावर त्या तालुक्यात मतदान करू लागलेल्या एका अख्ख्या पिढीने दुसरा आमदार पाहिलाच नव्हता. २०२२ साली पक्षाने त्यांना तिकीट नाकारले आणि अश्विन पटेल यांना उभे केले. श्रीवास्तव रागावून अपक्ष उभे राहिले. पण तिथे आणखी एक अपक्ष होते, धर्मेंद्रसिंह वाघेला. २०१७ साली श्रीवास्तवांना टक्कर दिली होती ती त्यांनीच. ८ डिसेंबर २०२२ रोजी मते मोजली तेव्हा गुजरातच्या १८२ पैकी १५६ जागा भाजपने जिंकल्या होत्या, आजवरचा विक्रम. त्या लाटेतही वाघोडियाने ना पक्षाला निवडले, ना जुन्या आमदाराला. निवडून आले वाघेला. सबंध गुजरातेत त्या वर्षी तीनच अपक्ष निवडून आले, त्यांतले हे एक.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. जानेवारी २०२४ मध्ये वाघेलांनी आमदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये प्रवेश केला आणि मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत कमळावर उभे राहून पुन्हा निवडून आले. ज्या पक्षाचा उमेदवार पाडला त्याच पक्षाचे आमदार झाले, आणि मतदारांनी हेही मान्य केले.

भाच्याला मी म्हटले, "अरे, हे तर आमचं मांद्रे!"

मांद्रे म्हणजे पेडणे तालुक्यातला मतदारसंघ, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. लक्ष्मीकांत पार्सेकर तिथले आमदार, पेशाने शिक्षक. नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि पार्सेकर मुख्यमंत्री झाले. २०१७ च्या फेब्रुवारीत ते मुख्यमंत्री म्हणून लोकांसमोर गेले. भाषेच्या माध्यमाचा वाद तेव्हा पेटलेला होता. इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान बंद करावे म्हणून भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला होता, सुभाष वेलिंगकरांनी गोवा सुरक्षा मंच नावाचा पक्षच काढला होता आणि मगो व शिवसेनेशी युती केली होती. आम्हां मराठीवाल्यांत तेव्हा घराघरांत वाद झाले. ११ मार्चला मतमोजणी झाली. मुख्यमंत्री पार्सेकर आपल्याच मतदारसंघात काँग्रेसच्या दयानंद सोपटेंकडून ७,११९ मतांनी पडले. भाजप २१ वरून १३ वर आला, काँग्रेसला १७ मिळाल्या, आणि तरीही सरकार झाले भाजपचेच! मुख्यमंत्री पडला, पण पक्षाची सत्ता राहिली. गोवा सुरक्षा मंचाला तर एकही जागा मिळाली नाही.

त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये सोपटेंनी राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत कमळावर जिंकले. २०२२ साली तिकीट न मिळालेले पार्सेकर अपक्ष उभे राहिले आणि हरले, आणि त्या वेळी सोपटेही हरले. मांद्रे गेले मगोच्या जीत आरोलकरांकडे. वाघोडिया आणि मांद्रे यांच्यामध्ये सातआठशे किलोमीटर, भाषा वेगळी, माणसे वेगळी, पण हकीकत इतकी सारखी की नावे बदलून वाचली तरी चालेल. (त्याच २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत फक्त ६६६ मतांनी तरले, हेही जाता जाता आठवून ठेवावे. गोव्यात मुख्यमंत्र्याची खुर्ची मतदारसंघात कवच म्हणून फारशी कामाला येत नाही.)

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ठळक दिसते. निवडणूक कशाबद्दल आहे हे पुढारी एक सांगतात, वर्तमानपत्रे दुसरे सांगतात आणि मतदार तिसऱ्याच गोष्टीबद्दल मत देऊन मोकळा होतो. वाघोडियाचा मतदार पक्षाच्या विरोधात नव्हता, सत्तावीस वर्षांच्या आमदाराला कंटाळला होता आणि वरून पाठवलेला उमेदवारही त्याला नको होता. हे एकदा ध्यानात घेतले, की आपल्या गोव्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी फेरनिवडणूक नव्याने वाचावी लागते. ती म्हणजे १९६७ ची, भाऊसाहेब बांदोडकरांची.

आधी थोडी उजळणी. ९ डिसेंबर १९६३ रोजी मुक्त गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. एकूण जागा ३०, त्यांतल्या २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याचे साथीदार मिळून १६ झाले, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला, म्हणजे आपल्या 'युगो'ला, १२ मिळाल्या. स्वतः दयानंद बांदोडकर त्या निवडणुकीला उभेच नव्हते. पेडण्यात जन्मलेला, खाणीच्या धंद्यात वर आलेला, बहुजन समाजातला हा माणूस २० डिसेंबरला मुख्यमंत्री झाला आणि नंतर पोटनिवडणुकीत मडकईतून आमदार झाला.

मगोचा मुख्य कार्यक्रम एकच, विलीनीकरण. गोवा महाराष्ट्रात जावा. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेनेही केला. समोरून युगोचा विरोध, आणि काँग्रेसमधल्या पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या माणसांची दिल्लीत धडपड की हा निर्णय साध्या विधानसभेच्या बहुमतावर होऊ नये, लोकांना थेट विचारावे. शेवटी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. गोव्यापुढे प्रश्न महाराष्ट्राचा होता, तसा दमण-दीवपुढे गुजरातचा. वाघोडियातल्या गप्पांत मी हे सांगितले तेव्हा भाच्याचे शेजारी चकित झाले. आपल्या राज्यात सामील व्हायचे की नाही यावर कुणीतरी कधी मतदान केले होते, हे त्यांनी ऐकलेच नव्हते.

आता इथे भाऊंनी जे केले ते आजच्या काळात विश्वास बसणार नाही असे आहे. सरकार मगोचे, पोलीस-मामलेदार सरकारच्या हाताखाली, तेव्हा कौल निःपक्षपाती कसा होणार, अशी युगोची तक्रार होती. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. कारभार नायब राज्यपाल का. र. दामले यांच्याकडे गेला. म्हणजे नेमलेला राज्यपाल कारभार पाहतो आहे आणि निवडलेला मुख्यमंत्री साधा कार्यकर्ता होऊन गावोगाव फिरतो आहे, असे चित्र. राजीनाम्याच्या वेळी भाऊंना काय वाटत होते? कौल जिंकला असता तर मुख्यमंत्रिपदच उरले नसते, गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा झाला असता. स्वतःची खुर्ची कायमची नाहीशी व्हावी म्हणून प्रचार करणारा मुख्यमंत्री मला तरी दुसरा ठाऊक नाही.

१६ जानेवारी १९६७. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. मतदान झाले सुमारे ८२ टक्के. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

त्या प्रचाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी पुन्हा उगाळत नाही. एकच गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या मराठी वाचकांच्या मनात नेहमी अडखळते. संघप्रदेशाची बाजू हिंदू घरांत पोचवली ती एका मराठी दैनिकाने, मडगांवच्या 'राष्ट्रमत'ने. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर. विलीनीकरणाच्या बाजूने पणजीचे 'गोमन्तक'. म्हणजे महाराष्ट्रात जायचे की नाही हे भांडण गोव्यात बऱ्याच अंशी मराठीतच झाले! मराठी वाचणारा म्हणजे विलीनीकरणवादी, असे जे समीकरण पुढे मांडले गेले ते १९६७ लाच खोटे ठरले होते.

असो. तर कौल हरला. आता काय? युगोच्या गोटात आनंद होता आणि तो योग्यच होता. बांदोडकर संपले, असे पुष्कळांना वाटले. ज्या एका गोष्टीसाठी पक्ष काढला, नाव सुद्धा 'महाराष्ट्रवादी' ठेवले, तीच गोष्ट लोकांनी नाकारली. अशा पक्षाने दोन महिन्यांनी मते कोणत्या तोंडाने मागायची? देशभरात विधानसभेच्या निवडणुका फेब्रुवारीत झाल्या, गोव्यात कौलामुळे त्या लांबून २८ मार्चला आल्या.

निकाल लागला. मगो १६, युगो १२, अपक्ष २.

जरा थांबून हे आकडे १९६३ शी ताडून पाहा. तेव्हा साथीदारांसह १६ आणि १२. आता १६ आणि १२. मधल्या काळात सबंध गोवा ढवळून निघाला, घराघरांत भाऊ-भाऊ बोलेनासे झाले, ३४ हजारांच्या फरकाने युगोची बाजू जिंकली, आणि युगोची एकसुद्धा जागा वाढली नाही! ५ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राजवट उठली आणि भाऊ पुन्हा मुख्यमंत्री झाले, मडकईचेच आमदार म्हणून.

हे कसे झाले याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते, की लोकांनी 'विलीनीकरण नको पण भाऊ हवेत' असे ठरवले. ऐकायला छान आहे. पण आकडे नीट पाहिले तर हे उत्तर अर्धेच आहे. फुलाला मिळालेली मते वैध मतांच्या साडेचव्वेचाळीस टक्के होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा नव्या काबिजादीतल्या तालुक्यांत फुलाचा जोर होता, तर साष्टीत दोन पानांचे ढीग पडले होते. कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र मोजली गेली, म्हणून साष्टीच्या ढिगाने काम केले. विधानसभेत तसे नसते. मडगांवच्या आसपास तुम्ही कितीही मोठ्या फरकाने जिंका, जागा तेवढ्याच. तेव्हा फुलाला मत दिलेल्या माणसांनीच पुन्हा सिंहावर शिक्का मारला असता तरी मगोचे बहुमत होण्यासारखे होते. दोन पानांवाल्या एकानेही इकडे यायची गरज नव्हती.

उरलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १६ जानेवारीला दोन पानांना मत देणारे सगळे युगोचे नव्हते. त्यांत कोंकणीचे अभिमानी होते, काँग्रेसची माणसे होती, 'राष्ट्रमत' वाचून मन वळलेले हिंदू होते, मुंबईच्या तंत्राने कारभार चालायला नको असे वाटणारे सरकारी नोकर आणि व्यापारी होते. ते एका दिवसापुरते सिक्वेरांच्या बरोबर उभे राहिले. २८ मार्चला 'हात' ही निशाणी समोर आली तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना ती आपली वाटली नाही. युगोने कौल जिंकला तो स्वतःच्या ताकदीवर नव्हे, हे युगोलाही नीट उमगले नाही असे मला वाटते.

आणि फुलाला मत देणाऱ्याचे तरी मत नकाशासाठीच होते का? फोंड्याच्या किंवा सत्तरीच्या एखाद्या कुळाची बाजू घ्या. पिढ्यान् पिढ्या भाटकाराच्या जमिनीत राबणारा, ज्याचे घर सुद्धा भाटकाराच्या मर्जीवर उभे. १९६४ साली बांदोडकर सरकारने कूळ कायदा केला, खंडावर मर्यादा आली, कुळाला मनाला येईल तेव्हा हाकलणे बंद झाले. गावात सरकारी मराठी शाळा आली आणि त्याची पोरे पहिल्यांदा पाटीवर अक्षर गिरवू लागली. शेजारच्या महाराष्ट्रात 'कसेल त्याची जमीन' झाली हे त्याच्या कानावर होते. त्याच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे मुंबईचे मंत्रालय नव्हे, पुन्हा भाटकाराच्या हाती न सापडण्याची हमी. हा माणूस जानेवारीत हरला. मार्चमध्ये त्याच्यापुढे प्रश्न उरला तो एवढाच, की महाराष्ट्र नाही तर नाही, पण कूळ कायदा सांभाळणारा कोण? त्याचे उत्तर त्याला शोधावे लागले नाही.

म्हणून मला दर वर्षी १६ जानेवारीला थोडी चुटपूट लागते. त्या दिवशी 'अस्मिताय दिस' साजरा होतो, भाषणे होतात, सिक्वेरांना हार घातले जातात. त्यांनी गोव्याचे वेगळेपण राखले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला त्याची वाट तिथून सुरू झाली, हे मराठीप्रेमी असूनही मी मानतो. गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा होऊन राहिला असता तर आज माझ्या लिखाणाला 'गोव्याचा मराठी लेखक' हे विशेषणही उरले नसते. पण त्याच वर्षीच्या २८ मार्चची आठवण कुणी काढत नाही. विलीनीकरणवाद्यांना ती नको, कारण तिच्या आधी १६ जानेवारी आहे. कोंकणीवाद्यांना नको, कारण तिच्यात भाऊ जिंकतात. दोन तारखांमध्ये फक्त ७१ दिवस आहेत. एका तारखेवरून गोंयकाराचे मन ओळखायला जाल तर अर्धा गोंयकार हातातून निसटतो.

त्यानंतरही भाऊंना पुन्हा एकदा कौल मागावा लागला. १९७० साली मगोच्याच आमदारांनी बंड केले, सरकार डळमळले आणि कसेबसे तरले. पक्षांतर करणाऱ्यांचा तो आपल्याकडचा पहिला मोठा हंगाम म्हणता येईल. वाघोडिया-मांद्र्याची वंशावळ शोधायची तर तिथपर्यंत जावे लागेल. १९७२ च्या निवडणुकीत भाऊ पुन्हा लोकांसमोर गेले. आता विलीनीकरणाचा प्रश्न व्यवहारात उरलेला नव्हता, महाराष्ट्र सरकारही त्याबद्दल बोलत नव्हते. जिच्यासाठी पक्ष जन्मला ती मागणी मावळली होती, आणि तेव्हाच मगोला १८ जागा मिळाल्या, आधीच्या दोन्ही निवडणुकांपेक्षा जास्त. युगो १० वर आला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब गेले, ते मुख्यमंत्री असतानाच. त्यांच्यामागे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि कुळाला जमिनीचा मालक करणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत, १९७६ साली झाली.